जाळं, पाय आणि १ जानेवारी

इंग्लंडमधल्या इस्टेटीवरच्या हिवाळी रिंगिंगचा, म्हणजे पक्षी जाळ्यात पकडून पायात क्रमांकाचं कडं घालून सोडण्याचा, लेख छान आहे, पण ब्लू टिट या चिमुकल्या पक्ष्याचं वय 'पिसांवरून कळतं' एवढ्यावर भागवलंय. खरी मजा तिथेच आहे. पंख उघडून पुढच्या कडेची छोटी आवरणपिसं बघा. शेजारची मोठी आवरणपिसं निळी आणि ही हिरवट-राखाडी असली, तर पक्षी गेल्या उन्हाळ्यात जन्मलेला. दोन्ही निळी असली तर प्रौढ. त्या पिल्लाचा युरिंग कोड, म्हणजे युरोपातले रिंगर वयासाठी नोंदवतात तो आकडा, ३१ डिसेंबरला ३ (याच वर्षी जन्मलेला) आणि १ जानेवारीला ५ (गेल्या वर्षी जन्मलेला). नवशिके हमखास इथे चुकतात.

जाळ्यातून सोडवताना आधी पक्षी कोणत्या बाजूने शिरला ते शोधायचं, मग बहुधा पाय मोकळे करायचे. ब्लू टिट दोरा मुठीत धरून ठेवतो. ओढलं तर पाय दुखावतो. जीभ अडकली असेल तर घाई नकोच.

आणि लेखात म्हटलंय तशी जाळी तपासायला दर तासाला फेरी? हिवाळ्यात फार उशीर. दहा-अकरा ग्रॅमचा जीव. वीसेक मिनिटांत फेरी हवी. पाऊस किंवा वारा आला की जाळी बंद. लांब शेपटीच्या टिटचा थवा मात्र एकत्रच सोडावा, रात्री ते एकमेकांना चिकटून झोपतात.