ट्विन सातवर लावल्याने टोन येत नाही, शेजारी येतात

परत तो मेसेज फिरायला लागलाय. गेल्या आठवड्यात मला तीन जणांनी पाठवला, त्यातला एक तर तबलजी आहे, त्याला ट्यूब अ‍ॅम्पशी (म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरशी) काय घेणंदेणं देव जाणे. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: ट्यूब अ‍ॅम्पचा खरा टोन रेकॉर्ड करायचा असेल तर व्हॉल्यूम सातच्या खाली आणायचा नाही, एसएम ५७ माईक ग्रिलला (स्पीकरपुढच्या कापडाला) टेकवून कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) बरोब्बर मधोमध लावायचा, नंतर ईक्यू-कॉम्प्रेसरला (ईक्यू खालचे-वरचे सूर कमीजास्त करतो, कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो) हात लावायचा नाही, अ‍ॅटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारा डबा) लावला की टोन मेला, एका माईकपेक्षा दोन कधीही भारी, आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर ट्यूबचा नादच सोडा. सोबत फोटो कसला, तर फेंडर कंपनीच्या ट्विन रिव्हर्ब या अ‍ॅम्पचा.

फोटोपासूनच सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

"सातच्या खाली आणायचा नाही"

हा नियम खोटा नाहीये, फक्त दुसऱ्याच अ‍ॅम्पचा आहे. १९६६ मध्ये लंडनला डेकाच्या स्टुडिओत गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनने मार्शल कंपनीचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) मोठ्ठ्या आवाजात ठेवून रेकॉर्डिंग केलं, तो फाटलेला जाडजूड आवाज जगभर गाजला आणि तेव्हापासून 'ट्यूब म्हणजे फुल आवाज' हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. तिथे ते बरोबरच होतं, कारण त्यांना अ‍ॅम्प फाटायलाच हवा होता. ट्विन रिव्हर्ब १९६३ पासूनचा, आणि तो बनवलाच उलट कामासाठी, म्हणजे कितीही वाजवा, फाटला नाही पाहिजे. चार ६एल६ ट्यूब, ८५ वॅट, बारा इंची दोन स्पीकर. अगदी वर नेलात तर तोही करकरतो, नाही असं नाही, पण तोपर्यंत खिडकीच्या काचा बोलायला लागतात. त्याच्या अलीकडे तुम्ही जे वाढवता तो फक्त आवाज. तीनवर क्लीन, म्हणजे न फाटलेला, पाचवर अजून मोठा क्लीन.

थोडा हिशोब बघा. पॉवर दहापट कमी केली की १० डेसिबल कमी होतात, आणि कानाला ते साधारण अर्धं वाटतं. म्हणजे ८५ वॅटचे साडेआठ केले तरी आवाज फक्त अर्धा! गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबलच्या आसपास देतो. एका वॅटला. बेडरूममध्ये तुम्ही जे वाजवता ते बऱ्याचदा एका वॅटच्याही खाली असतं आणि तरी आई ओरडते ती त्यामुळे.

यावर लोक म्हणतात, "पण कमी आवाजात पातळ लागतो की राव." हो, लागतो. मलाही लागतो. पण का लागतो ते कोणी बघतच नाही. एक कारण आपले कान. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज कमी असला की आपल्याला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की तेच भरीव वाटतं. ही कानाची भानगड आहे. माईकला असे कान नसतात.

दुसरं कारण म्हणजे तो पुढच्या पट्टीवरचा ब्राइट स्विच, आणि हे मला स्वतःला कळायला काही वर्षं गेली. व्हॉल्यूमच्या नॉबवरून एक छोटा कपॅसिटर टाकलेला असतो, स्विच चालू केला की ट्रेबल (वरचे सूर) त्या बायपास रस्त्याने नॉबला चुकवून थेट पुढे जातो. नॉब दोनवर असेल तर बाकी सगळं दाबलं जातं पण ट्रेबल मात्र पूर्ण येतो, म्हणून पातळ, टोचणारा आवाज. नॉब जसजसा वर नेता तसतसा तो रस्ता निरुपयोगी होत जातो आणि दहावर तर स्विच असून नसल्यासारखाच. म्हणजे लोक नॉब सातवर नेतात, टोचणं कमी होतं, आणि म्हणतात बघा ट्यूब कशा तापल्या! अरे बाबा, ब्राइट स्विच बंद कर, दोनवरच काम होईल. त्यासोबत मिड (मधले सूर) वर घ्या, कारण फेंडरच्या टोनच्या सर्किटमध्ये मिड मुळातच खड्ड्यात असतो. मिड दहावर आणि बास-ट्रेबल दोनेकवर ठेवले की बऱ्यापैकी सपाट होतं, तिथून चवीप्रमाणे.

"माईक कोनच्या मधोमध"

इथे माझं स्वतःचं पाप सांगतो. तासाने भाड्याने मिळणाऱ्या एका प्रॅक्टिस रूममध्ये ट्विन होता, आम्ही ह्याच ज्ञानावर विसंबून सहा-सातवर लावला, ५७ मधोमध टेकवला, मी अ‍ॅम्पपुढे उभा राहून वाजवलं आणि काय सांगू, स्वर्ग. रात्री घरी येऊन हेडफोन लावले तर पत्र्यावर पाऊस पडतोय. तीन तासांचं भाडं पाण्यात.

झालं काय होतं, तर बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चसारखे सरळ समोर फेकतो. मी उभा, स्पीकर माझ्या गुडघ्याला. तो झोत माझ्या पॅंटला ऐकू येत होता, मला नाही. मला ट्रेबल कमी वाटला म्हणून मी वाढवला, आणि माईक बरोब्बर झोतात बसलेला, त्यात ५७ स्वतः पाच-सहा हजार हर्ट्झला थोडा वर उचलतो. दोन्ही मिळून सुई.

आता मी काय करतो. खोलीतला दिवा घालवतो, मोबाईलचा टॉर्च ग्रिलच्या कापडावर तिरका मारतो, मग आतला कोन आणि मधली गोल टोपी दिसते. टोपीची कड जिथे कोनला भेटते तिथे कापडावर कागदी टेपचा बारीक तुकडा चिकटवतो, माईक तिथे, ग्रिलपासून दोन-तीन बोटं लांब. अगदी टेकवला तर जवळ आल्यामुळे बास फुगतो, कधी तो हवा असतो, बहुतेकदा नसतो. मग मी दुसऱ्या टोकाला हेडफोन लावून बसतो आणि भाऊ माईक सरकवतो. एक बोट बाहेर. अजून एक. "थांब, अर्धं मागे." एका बोटाने जो फरक पडतो तो कुठल्याच नॉबने पडत नाही, एकदा ऐकाच. मदतीला कोणी नसेल तर पाच जागी पाच छोटे टेक घ्या, टेपवर आकडे टाका.

आणि टोन लावताना खाली बसा, कान स्पीकरच्या उंचीला आणून. आवाज कमी करून हां, सातवर हा प्रयोग केलात तर रात्रभर कानात शिट्टी.

"ईक्यू-कॉम्प्रेसरला हात लावायचा नाही"

फाटलेला आवाज स्वतःच दाबलेला असतो, त्यामुळे मार्शलवाल्याला कॉम्प्रेसर फारसा लागत नाही. क्लीन आवाजात प्रत्येक स्ट्रोकचा पहिला ठोका टणकन वर जातो आणि मागचा सूर लगेच पडतो, गाण्यात बाकी वाद्यं आली की ठोके तेवढे उरतात. कॉम्प्रेसर तीनास एक किंवा चारास एक दाबणारा, अटॅक (त्याने पकड घ्यायचा वेळ) वीसेक मिलिसेकंद, म्हणजे ठोका जिवंत राहतो आणि मागचं वर येतं. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, गिटारची जाड तार ८२ ला आहे, खाली नुसती घरघर. मोठ्या स्टुडिओतल्या क्लीन गिटारवर कॉम्प्रेसर नसतो असं ज्याला वाटतं त्याने कुठल्यातरी इंजिनिअरशेजारी तासभर बसावं. ह्याच ठोक्यांमुळे रेकॉर्डिंगची लेव्हलही पीकला (सगळ्यात मोठ्या ठोक्याला) उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, २४ बिटमध्ये लाल दिव्यापर्यंत नेण्याची काही गरज नसते.

"अ‍ॅटेन्युएटरने टोन मरतो"

क्लीनसाठी तो लागतच नाही, व्हॉल्यूमचा नॉब आहे की! पॉवर ट्यूब फाडायच्या असतील तरच त्याचा उपयोग. त्याने थोडा फरक पडतो हेही खरं, कारण स्पीकरवर ताण येत नाही, पण 'मरतो' वगैरे काही नाही. फक्त एक, हे वाचून कोणी स्पीकरची वायर काढून नुसता अ‍ॅम्प चालू करू नका, ट्यूब अ‍ॅम्पला स्पीकर किंवा योग्य ओहमचा लोड जोडलेला पाहिजेच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि ते बिल बघून रडू येतं.

"एकापेक्षा दोन माईक भारी"

दुसरा माईक पहिल्याच्या ३४ सेंटीमीटर मागे ठेवलात की आवाज तिथे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही सारख्याच लेव्हलला मिसळले की ५०० हर्ट्झ एकमेकांना खातात, मग १५००, मग २५००. ५०० म्हणजे साधारण बी तारेचा बारावा फ्रेट, तुमच्या सोलोचा मुक्कामच तिथे. मग म्हणायचं अ‍ॅम्पच पोकळ आहे. दोन वापरायचेच तर दोघांची तोंडं स्पीकरपासून सारख्या अंतरावर, आणि एक अ‍ॅम्पच्या मागून लावलात तर त्याची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करायची, कारण कोन पुढे येतो तेव्हा मागून आत जात असतो. आधी एकच नीट लावायला शिका.

"फ्लॅटमध्ये नाद सोडा"

मी फ्लॅटमध्येच राहतो. नॉब अडीचवर, ब्राइट बंद, अ‍ॅम्प भिंतीपासून हातभर पुढे, कारण ट्विन मागून उघडा असतो आणि भिंतीवर आपटलेला आवाज माईकमध्ये येतो. खाली एक गादी, मागे कपड्यांच्या स्टँडवर दोन गोधड्या. पंखा बंद, आणि रेग्युलेटर पूर्ण बंद, कारण स्ट्रॅट गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये पहिली भुणभुण तिथूनच येते. घामाच्या धारा लागतात पण टेक स्वच्छ येतो. ज्यांचा अ‍ॅम्प अमेरिकेहून कोणा मावसभावाने आणलाय त्यांनी आधी मागचा १२० व्होल्टचा शिक्का बघा आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० ला खुपसू नका.

तर मेसेज पाठवणाऱ्या त्या तबलजीला मी घरी बोलावलं. ओळखीच्या एका हॉलमध्ये सहावर घेतलेला टेक आणि घरातला अडीचवरचा, तोच अ‍ॅम्प, तोच माईक, टेपच्या त्याच खुणेवर. दोन्हींची लेव्हल सारखी केली, कारण जो मोठा असतो तो नेहमी चांगलाच वाटतो, आणि कुठला कुठला ते न सांगता ऐकवले. डोळे मिटून दोन्ही दोनदा ऐकले त्याने. मग म्हणाला, "आवाज सेमच आहे रे. पण दुसऱ्यात तुझी लय पळतेय."