एएम-पीएम संस्कृतातलं नाही ओ, आशाताईंची वही बघा

दर दोन-चार महिन्याला तोच मेसेज फिरायलाय. एएम म्हणजे आरोहणम् मार्तण्डस्य, सूर्याची चढण, पीएम म्हणजे पतनम् मार्तण्डस्य, सूर्याची उतरण, डे आपल्या दिनावरून, अवर आपल्या होरावरून, आणि इंग्रजांनी हे सगळं उचलून लपवून ठेवलं. परवा भावकीच्या ग्रुपवर एका सरांनीच टाकला, मग म्हणलं एकदाचं लिहूनच टाकावं.

आधी एएम-पीएम. हे लॅटिन आहे, आन्टे मेरिडिएम आणि पोस्ट मेरिडिएम, मध्यान्हाच्या आधी आणि मध्यान्हानंतर. डिक्शनरी कशाला, गावातल्या आशाताईंची वही उघडा. गरोदर बाईच्या तपासणीला एएनसी (अँटिनेटल केअर) लिहितात, बाळंतपणानंतरच्या तपासणीला पीएनसी (पोस्टनेटल केअर). त्यातला ए तोच, आन्टे म्हणजे आधी, आणि पी तोच, पोस्ट म्हणजे नंतर. पोस्टमार्टममधला पोस्टपण तोच. तिथंपण पतनम् लावायचं का आता?

आणि संस्कृतला असले शब्द लागले तर तिच्याकडं होतेच की, पूर्वाह्ण, मध्याह्न, अपराह्ण. श्राद्धाला अपराह्णकाळ धरतात हे पैठणच्या कुठल्याही गुरुजींना विचारा. पण आरोहणम् मार्तण्डस्य कुठल्या पंचांगात आहे ते दाखवा म्हणलं की मेसेजवाले गप. शिवाय आपली मोजणीच वेगळी, सूर्य उगवला की घटका मोजायला सुरुवात, दिवस-रात्र मिळून 60, एक घटका 24 मिनिटांची, त्यात रात्री बाराला तारीख बदलायचा प्रश्नच नव्हता.

कोणी म्हणेल, बारापर्यंत सूर्य चढतो मग उतरतो हे तर खरंय ना? घड्याळात तेवढंपण नाही. आपली वेळ 82.5 अंश रेखांशावरची, नांदेड त्याच्या पश्चिमेला 5 अंशाच्या आसपास, त्यामुळं नांदेडला सूर्य माथ्यावर यायला सरासरी 12 वाजून 20 मिनिटं होतात, संभाजीनगरला त्याहून उशीर. पीएम लागलेलं असतं आणि सूर्य अजून चढायलाच. अर्थात हे लॅटिन अर्थालाही लागू होतं, म्हणून फार ताणत नाही.

डे आणि दिन ऐकायला पटतं, तरी चूक. डे जर्मन घराण्यातला, जुन्या इंग्रजीत डॅग, आजच्या जर्मनमध्ये टाग. लॅटिन डिएसशीसुद्धा त्याचं नातं नाही. मजा पुढंच आहे, मेसेजवाल्यांनी ज्या मेरिडिएमला हाकलून दिलं त्याच्यातच आपलं खरं नातं निघतं. मेरिडिएमचा मूळ शब्द मेरिडिएस, तो आधी मेडिडिएस होता, मेडिउस म्हणजे मधला, डिएस म्हणजे दिवस. वारो नावाच्या रोमन पंडितानं लिहून ठेवलंय की प्राएनेस्टे गावच्या सूर्यघड्याळावर हे ड वालं जुनं रूप कोरलेलं त्यानं स्वतः पाहिलं. तो मेडिउस आणि आपला मध्य, तो डिएस आणि आपला दिवस, एकाच जुन्या भाषेतून फुटलेले चुलतभाऊ. आता चुलतभाऊ म्हणजे बाप नव्हे, हे भावकीच्या ग्रुपवर सांगायला लागावं का?

होराचं तर उलटंच. शब्द मूळचा ग्रीक, तिकडून लॅटिन-फ्रेंच करत इंग्रजीत अवर झाला, आणि ग्रीकांकडूनच आपल्या ज्योतिषातपण आला. अहोरात्रचा अ आणि त्र गाळला की होरा, ही फोड जुन्या काळातला ज्योतिषी वराहमिहिर याच्या बृहज्जातक ग्रंथात आहे खरी, पण काही जण असं मानतात म्हणून दिलेली. आणि बृहत्संहिता या दुसऱ्या ग्रंथात त्यानंच लिहिलंय की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडं नीट आहे, त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. तो श्लोक मेसेजात कधीच येत नाही.

राहिलं लपवण्याचं. 1786 साली विल्यम जोन्स नावाच्या इंग्रजी न्यायाधीशानं कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या भरसभेत सांगितलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. ते भाषण दोनच वर्षांनी, 1788 साली छापलं गेलं, आजही कोणालाही वाचता येतं.