‘तीन दिवस झोपवा, चौथ्या दिवशी उतरवा’ : डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की सोलापुरातल्या पालकांच्या आणि क्रीडाशिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. बार्शी, मोहोळ, पंढरपूरकडच्या ग्रुपवरूनही तो माझ्यापर्यंत आला आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: खेळताना डोक्याला मार लागला पण पोरगं बेशुद्ध पडलं नाही, तर काळजीचं कारण नाही. फारच वाटलं तर सीटी काढा, रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपला. पहिल्या रात्री झोपू देऊ नका. मग तीन दिवस अंधाऱ्या खोलीत पूर्ण आराम, पुस्तक-मोबाइल बंद, आणि चौथ्या दिवशी थेट मैदानात. डोकं दुखलं तर गोळी द्या. हेल्मेट असेल तर एवढंही करायची गरज नाही. आणि शेवटची ओळ: मार खाल्ल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रिकेट खेळणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यांचे सरही येतात, आणि हा मेसेज मोबाइलवर उघडून ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारतात. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे हे मला ठाऊक आहे. पण यातला जवळपास प्रत्येक सल्ला चुकीचा आहे आणि दोन-तीन तर जिवावर बेतू शकतील असे आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘बेशुद्ध पडलं नाही, म्हणजे काही झालं नाही.’

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. कवटीच्या आत मेंदू झटक्यात हलतो, पिळवटतो आणि काही काळ त्याचं काम बिघडतं. यात शुद्ध हरपते ती साधारण दहांतल्या एखाद्याचीच. बाकीची मुलं उभी असतात, बोलत असतात, ‘मी ठीक आहे सर’ असंही म्हणतात. डोक्याला थेट मार लागलेला असावा असंही नाही. चढाईला गेलेल्या पोराला मध्यरक्षकाने जोरात डॅश दिला, तो पाठीवर आपटला आणि मान झटक्यात मागे गेली, तरी पुरे.

त्रास लगेच दिसेलच असंही नाही. 17 ऑगस्ट 2019 ला लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. तो बाहेर गेला, तपासण्या झाल्या, त्यात तो पास झाला आणि साधारण पाऊण तासात पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला. मग त्याला सामन्यातून बाहेर काढलं आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. कसोटीतला तो पहिला कन्कशन बदली खेळाडू. आयसीसीचा तो नियम त्याच महिन्यापासून लागू झाला होता. सोबत डॉक्टर, कॅमेरे, सगळी साधनं असताना त्रास दुसऱ्या दिवशी उघड झाला. आपल्याकडे नेहरूनगरच्या मैदानावर शाळेच्या सामन्यात शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी आणि एक शिक्षक एवढंच असतं. अशा ठिकाणी नियम एकच ठेवायचा: शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. पाच मिनिटांनी बरं वाटलं तरी नाही.

शंका कशावरून घ्यायची? नजर शून्यात लागलेली, उत्तर द्यायला उशीर, उभं राहताना तोल जाणं, डोकं दुखणं, मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणं, कारण नसताना रडू किंवा चिडचिड. आणि काही सोपे प्रश्न: आत्ता आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी झाला, आपण जिंकलो का? हे प्रश्न मुलाच्या घरच्या भाषेत विचारा. आपल्या शहरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी कितीतरी मुलं आहेत. एरवी अस्खलित मराठी बोलणारं पोरगं गोंधळलेल्या अवस्थेत मराठीत अडखळलं, तर ते भाषेमुळे की मार लागल्यामुळे हे बाहेरच्याला कळत नाही. संघातलाच त्याचा एखादा मित्र विचारू शकतो.

उन्हाळी शिबिरात आणखी एक घोटाळा होतो. पारा बेचाळीसच्या वर गेलेला असतो, मुलाचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. लिंबूपाणी देऊन सावलीत बसवतात आणि संध्याकाळच्या सत्रात पुन्हा उतरवतात. सकाळी आपटला होता का, एवढं विचारलं तरी बऱ्याचदा उलगडा होतो.

‘सीटी नॉर्मल आला की मोकळा.’

सीटी स्कॅन कवटीचं हाड तुटलंय का आणि आत रक्तस्राव आहे का हे पाहायला असतो. कन्कशनमध्ये बिघाड पेशींच्या कामात असतो. पेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांचा तोल ढळतो, तो सावरायला मेंदूला जास्त साखर लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. हे सीटीत दिसत नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘रक्तस्राव दिसत नाही’ एवढाच. ‘कन्कशन नाही’ असं तो रिपोर्ट सांगूच शकत नाही, आणि ‘उद्या खेळ’ असं तर मुळीच नाही.

याची उलटी बाजूही आहे. काही लक्षणं दिसली तर मेसेज वाचत बसायचं नाही, थेट सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, मान दुखणं, एकाचे दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, आकडी, वाढता गोंधळ, उठवूनही जाग न येणारी झोप. 1998 साली ढाक्यात एका क्लब सामन्यात भारताचे माजी क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभे होते. चेंडू डोक्याला लागल्यावर ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चालत गेला म्हणून ठीक आहे, असं कुणी म्हणालं की मला तेच आठवतं.

म्हणूनच तालुक्याहून सामन्याला आलेल्या आणि मार लागलेल्या मुलाला एसटीत एकटं बसवून देऊ नका. मोठ्या मुलाला मोटारसायकलही चालवू देऊ नका. पहिले काही तास त्याच्यासोबत कुणीतरी जाणतं हवंच.

‘पहिल्या रात्री झोपू देऊ नका.’

डॉक्टरांनी तपासलं असेल आणि वर सांगितलेलं एकही लक्षण नसेल, तर झोपू द्या. झोप मेंदूला हवीच असते. रात्रभर हलवून जागं ठेवल्याने सकाळी डोकं आणखी दुखतं, आणि ती दुखणी माराची की जागरणाची हे कुणालाच सांगता येत नाही.

‘तीन दिवस अंधारात, चौथ्या दिवशी मैदानात.’

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. यात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. आधी गरजेपेक्षा जास्त आराम, मग झेपणार नाही एवढी उडी.

अंधाऱ्या खोलीचा सल्ला एके काळी डॉक्टरही देत असत. 2015 साली अमेरिकेत कन्कशन झालेल्या 11 ते 22 वयोगटातल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला नेहमीसारखी एक-दोन दिवसांची. कडक विश्रांतीवाल्यांनी उलट जास्त लक्षणं सांगितली. ऑक्टोबर 2022 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला या विषयातल्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिचं निवेदन 2023 मध्ये आलं. त्यातही हेच आहे: पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती. म्हणजे घरातली हलकी कामं आणि चालणं चालेल, मोबाइल आणि टीव्ही मात्र कमी. त्यानंतर हलका व्यायाम सुरू करायचा. लक्षणं फार न वाढवणारा व्यायाम लवकर सुरू केला तर बरं व्हायला मदत होते.

चौथ्या दिवशी सामना का नाही, तेही याच निवेदनावरून कळतं. मैदानात परतणं ही सहा पायऱ्यांची वाट आहे आणि प्रत्येक पायरीला किमान 24 तास. पहिली पायरी रोजचे व्यवहार. दुसरी हलका दमसासाचा व्यायाम: भरभर चालणं, जागेवरची सायकल. आधी हृदयाची गती कमाल गतीच्या 55 टक्क्यांपर्यंत, ते झेपलं तर 70 टक्क्यांपर्यंत. 220 मधून वय वजा करायचं ही ढोबळ रीत धरली, तर सोळा वर्षांच्या मुलासाठी मिनिटाला साधारण 112 आणि मग 143 ठोके. मनगट धरून घड्याळाकडे बघत मोजता येतात, यंत्र लागत नाही. तिसऱ्या पायरीवर आपल्या खेळाच्या हालचाली, पण एकट्याने. कबड्डीपटूने मोकळ्या मैदानावर चढाईची पावलं टाकावीत, दिशा बदलाव्यात, पकड नाही. खो-खोवाल्याने धावावं, वळावं, पण सूर मारू नये. पैलवानाने धावावं, जमेल तशा बैठका माराव्यात. आखाड्यात जोड धरू नये.

या तीन पायऱ्यांवर थोडंसं डोकं जड झालं तर घाबरायचं कारण नाही. त्रासाला शून्य ते दहा गुण दिले आणि तो दोनपेक्षा जास्त वाढला नाही, तासाभरात ओसरला, तर चालतं. त्याहून वाढला तर तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

चौथ्या पायरीपासून गोष्ट बदलते. संघासोबतचा पण धक्क्याविना सराव, मग पाचवी म्हणजे पूर्ण सराव, आणि सहावी म्हणजे सामना. चौथीच्या आधी सगळी लक्षणं गेलेली हवीत, दमल्यावरही परत न येणारी. आणि कुणाशी आदळण्याचा किंवा पडण्याचा धोका येण्याआधी डॉक्टरांची परवानगी हवी. इथे त्रास पुन्हा सुरू झाला तर परत तिसरीवर. वहीत तारीख, पायरी आणि त्रासाचे गुण लिहिले की सरांना, आईवडिलांना आणि डॉक्टरांना एकच चित्र दिसतं.

मग किती दिवस लागतात? मोठ्यांचा त्रास बहुतेक वेळा दहा ते चौदा दिवसांत जातो, मुलांना चार आठवडेही लागतात. ब्रिटनने 2023 मध्ये शाळा-क्लबच्या खेळांसाठी, म्हणजे जिथे सोबत डॉक्टर नसतो अशा खेळांसाठी, नियम काढले. त्यात 21 दिवसांच्या आत सामना नाही. आपली परिस्थिती त्याच प्रकारची आहे, म्हणून मी इथल्या सरांना हाच आकडा सांगते. स्मिथ एक कसोटी बाहेर बसला आणि परतल्यावर ओल्ड ट्रॅफर्डला त्याने 211 केल्या.

शाळाही या वाटेवर येते, आणि मैदानाच्या आधी येते. वर्गात अर्धा दिवस बसवत नाही, फळा बघून डोकं दुखतं, अशा मुलाला सामन्यात उतरवणं गैर आहे. काही दिवस कमी तास, मधे विश्रांती, चाचणी पुढे ढकलणं, एवढं वर्गशिक्षकांनी केलं तर बहुतेक मुलं लवकर रुळतात.

‘डोकं दुखलं तर गोळी द्या.’

डोकेदुखी हीच आपली मोजपट्टी आहे. ती गोळीने दाबून ‘आता दुखत नाही’ म्हणत पुढची पायरी चढणं म्हणजे स्वतःला फसवणं. सुरुवातीला रक्तस्रावाची शंका असताना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायच्या. गरज पडली तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

‘हेल्मेट असेल तर काळजी नाही.’

हेल्मेट कवटी वाचवतं, म्हणून ते घातलंच पाहिजे. पण आतला मेंदू हलतो तो हलतोच. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराला मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर लागला. त्याने डाव पूर्ण केला, पण नंतर क्षेत्ररक्षणाला तो आला नाही. त्याच्या जागी कन्कशन बदली म्हणून युजवेंद्र चहल खेळला.

‘मार खाल्ल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही.’

या वाक्यामागचा ताण मला कळतो. जिल्ह्याचा सामना हुकला तर विभागाचा हुकतो, मग दहावी-बारावीचे सवलतीचे गुण जातात. पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा असते. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या आईबापांच्या घरात ही छोटी गोष्ट नाही. मूल त्रास लपवतं ते याच भीतीपायी. म्हणून ‘तुझी जागा जाणार नाही’ हे सरांनी आणि वस्तादांनी मोठ्याने आणि सगळ्या संघासमोर सांगायला हवं. जो मुलगा ‘सर, गरगरतंय’ म्हणाला, त्याला पुढच्या संघनिवडीत डावलायचं नाही.

हिशोबानेही लपवणं तोट्याचं आहे. मार लागल्यावर खेळत राहिलेल्यांना बरं व्हायला जवळपास दुप्पट वेळ लागतो असं दिसलं आहे. कन्कशननंतर काही महिने गुडघा, घोटा, स्नायू दुखावण्याचा धोकाही वाढतो. आणि पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित, पण कोवळ्या वयात विशेष करून, मेंदूला झपाट्याने सूज येते. त्यातून वाचणं फार कठीण. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्हस्की हा गुणी फलंदाज पुन्हा पुन्हा कन्कशन झाल्यामुळे 2025 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला.

चार आठवड्यांनंतरही त्रास असेल, किंवा एकाच हंगामात दुसऱ्यांदा हादरा बसला असेल, तर पायऱ्यांचा हिशोब घरी किंवा मैदानावर करू नका. मुलाला न्यूरोलॉजिस्टकडे न्या. पहिला मार कधी लागला, कसा लागला आणि तेव्हा काय झालं हे लिहिलेली वही सोबत घ्या.