पडद्याच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारांचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, फोटोही मोठे करून बघितले. परसातली अडगळ झाकायला तुम्ही आमच्याकडून हिरवी शेडनेट, आयलेट (नेटच्या भोकात ठोकायच्या धातूच्या रिंगा) आणि तार नेलीत. "शिवायची काही गरज नाही" असं काउंटरवर सांगितलं, आणि वळवाच्या पहिल्याच पावसात रिंगा निघाल्या, तारेला झोळ पडला, नेट कुजकी निघाली. वर रात्री मागचं सगळं दिसतंच. फोन केलात तर "एकदा बांधल्यावर आमची जबाबदारी नाही" असं ऐकावं लागलं.

शेवटचं आधी. ते वाक्य आमच्याच दुकानातून गेलं, मी चौकशी केली. असं बोलायला नको होतं. माफी मागतो.

तारेची चूकही सरळ आमची. तुम्हाला दिली ती बाइंडिंगची तार, स्लॅबच्या सळ्या बांधायची. ती मऊ असते, पिळली की जागेवर बसते, पण ओढ पडली की लांबते. तिच्यावर दहा फुटी पडदा टांगला तर झोळ पडणारच, आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत ती गंजणार ते वेगळंच. कपडे वाळत घालायची प्लास्टिक चढवलेली तार आणि एका टोकाला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा आट्यांचा स्क्रू, द्यायला हवा होता. सैल वाटली की टर्नबकलचे दोन आटे फिरवायचे, काम झालं.

नेट कुजकी होती हे मात्र मला पटत नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत फाटायची सुरुवात रिंगेपासून झालेली स्पष्ट दिसते. मधली नेट जशीच्या तशी आहे. रिंग एकेरी नेटवर ठोकली होती. ही नेट गुंफलेली असते, म्हणून कात्रीने कापली तरी कडेचे धागे सुटत नाहीत, आणि "शिवायची गरज नाही" ते एवढ्याचसाठी. पण त्याच विणीमुळे ती ताणते, भोक मोठं होतं आणि रिंग निसटते. कड दोनदा दुमडून, मधे जुन्या ताडपत्रीची चार बोटं रुंद पट्टी घालून मग पंच मारायचा. हे सांगायचं राहिलं, आणि सांगणं आमचं काम होतं.

खरं सांगायचं तर रिंगाही लागत नाहीत. आमच्याकडे शेतकरी येतात ते नेटच्या कोपऱ्यात सुपारीएवढा गुळगुळीत गोटा ठेवतात, त्यावर नेट मुरगळतात आणि मानेला नायलॉनच्या दोरीची गाठ मारतात. ओढ पडेल तशी गाठ आवळते. खर्च शून्य. (हे सांगून रिंगांचा धंदा बुडवतोय, पण असो.)

आता वाऱ्याचं. फोटोत पडदा चारही कोपऱ्यांना करकचून ताणलाय. तो पडदा राहिला नाही, शीड झालं. ताशी 40 किलोमीटरचा वारा समोरून आला तर आरपार वारा न जाऊ देणाऱ्या कापडावर चौरस मीटरमागे साडेसात किलोच्या आसपास दाब देतो. तुमचा पडदा 6 चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास 45 किलो. नेटमधून थोडा वारा जातो म्हणून त्याहून कमी, पण तो सगळा भार चार रिंगांवर. म्हणून वर घट्ट बांधा, खाली मोकळं सोडा. खालची कड अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपला केबल टायने बांधली की वजन येतं, पडदा फडफडत नाही, आणि जोराचा वारा आला तर उचलून त्याला वाट देतो. जमिनीपासून वीतभर वर ठेवा, चिखल उडणार नाही. आपल्याकडे पडवीला झापं बांधायचे तेव्हाही वारा आरपार जायचाच की.

रात्रीचं: 75 टक्के सावली देणारी नेट आहे, उजेड जिकडे जास्त तिकडचं दिसतं. दिवसा तुमच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या झाकल्या जातात, रात्री मागचा बल्ब लागला की त्याच उठून दिसतात. बल्ब पडद्याच्या अलीकडे घ्या, किंवा 90 टक्क्यांची नेट न्या. जुनीचे पैसे वळते करून फक्त फरक घेईन.

तारेचे पैसे परत, नवी तार आणि टर्नबकल आमच्याकडून. येताना फाटलेली नेट आणा, टाकू नका. चार बोटं कड कापून काढली की उरलेली पुन्हा उभी राहील, दुमडून पंच मी स्वतः मारून देतो. जूनचा पाऊस लागायच्या आत या, गुरुवार सोडून. गुरुवारी दुकान बंद असतं.