सापमार गरुडाविषयी फिरणारा संदेश आणि प्रत्यक्षातला पक्षी

नागपंचमी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत गरुडाविषयीचा एक लांबलचक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: साप खाणाऱ्या गरुडाला विष बाधत नाही, तो विषारी सापच शोधून खातो आणि त्यांना उंचावरून खडकावर टाकून मारतो, वयाच्या 40 व्या वर्षी डोंगरावर जाऊन पाच महिने राहतो, चोच फोडतो, नखे उपटतो आणि नव्याने जन्मल्यासारखा 70 वर्षे जगतो, तो ज्या शिवारावर घिरट्या घालतो तिथे सर्पदंशाचे भय राहत नाही आणि त्याचे पीस घरात असले तर साप उंबरा ओलांडत नाही. सोबत चित्र असते ते पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाचे, ज्याचे मुख्य अन्न मासे हे आहे.

खानदेशात प्रामुख्याने सापांवर जगणारे गरुड दोन. यावलच्या जंगलात आणि पाटणादेवीच्या बाजूला झाडीत राहणारा, मानेमागे काळा-पांढरा तुरा असलेला आणि शीळ घालत घिरट्या घेणारा तो तुरेवाला सर्पगरुड. हा सापांबरोबर बेडूक, सरडे आणि ओढ्यातले खेकडेही खातो. दुसरा सापमार गरुड. पोटाकडून फिकट, घुबडासारखे मोठे डोके आणि पिवळेधमक डोळे असलेला हा पक्षी लळिंगच्या कुरणासारखा उघडा, गवताळ माळ पसंत करतो. संदेशातले वर्णन जुळलेच तर याच्याशी जुळते, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

विष बाधत नाही, या दाव्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. सापाचे विष म्हणजे प्रथिनांचे मिश्रण. ते दंशातून शरीरात शिरले तर घात करते, पण पोटात गेले तर इतर प्रथिनांप्रमाणे पचते. त्यामुळे नाग गिळून पक्षी धडधाकट राहिला, यावरून त्याच्या रक्तात उतारा आहे असे ठरत नाही. मुंगसाची गोष्ट वेगळी आहे: त्याच्या स्नायूंवर नागाचे चेताविष (नसांकडून स्नायूंना जाणारे संदेश अडवणारे विष) जिथे चिकटायला हवे, तिथली रचनाच बदललेली असल्यामुळे त्याला बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. सापमार गरुडाला दंश बसला तर तो मरू शकतो, आणि म्हणूनच त्याचे सारे अंग दंश बसू न देण्यासाठी घडलेले दिसते. त्याच्या पायांच्या नळ्यांवर पिसे नसतात, तिथे जाड, खडबडीत खवले असतात; बोटे आखूड आणि दणकट असल्याने वळवळणारे बारीक अंगही निसटत नाही; पंख पसरून उभा राहिला की साप पुष्कळदा पिसांवरच तोंड मारतो, आणि तेवढ्या अवधीत गरुड त्याचे डोके चिरडतो किंवा तोडून टाकतो. हे कसब आहे, आणि कसबात चूक होऊ शकते.

खडकावर टाकून मारण्याची गोष्ट बहुधा हिमालयातल्या दाढीवाल्या गिधाडाची उसनी घेतलेली असावी, कारण हाडे फोडण्यासाठी ती खडकावर टाकण्याची सवय त्या पक्ष्याला आहे. सापमार गरुडाला त्याची गरजच पडत नाही. वाऱ्याकडे तोंड करून तो जमिनीपासून पंचवीस-तीस मीटरांवर, कधी त्याहून वर, पंख हलवत एकाच जागी तरंगतो. अंग वाऱ्याने डुलत असते, पण डोके मात्र जागचे ढळत नाही. खाली हालचाल दिसली की पाय सोडून टप्प्याटप्प्याने उतरतो आणि शेवटी झडप घालतो. मग साप डोक्याकडून गिळायला सुरुवात होते, ती पुष्कळदा उडता उडताच. विणीच्या काळात नर घरट्यावर येतो तेव्हा चोचीतून सापाची शेपटी बाहेर लोंबत असते, आणि मादी किंवा पिल्लू ती धरून अख्खा साप त्याच्या घशातून ओढून काढते. एवढे अजब दृश्य खरोखर घडत असताना संदेशकर्त्याला खडक का लागावा, हे कळत नाही.

तो विषारी सापच निवडतो, हेही खरे नाही. दिवसा उघड्यावर जे सापडते ते तो खातो, आणि त्यात बिनविषारी सापांचा भरणा मोठा असतो. जोडीला सरडे आणि उंदीरही असतात. शेतात उंदीर खाणारी धामणही त्याचे भक्ष्य आहे, हे शेतकऱ्याने लक्षात घ्यावे.

आता 40 व्या वर्षीचा पुनर्जन्म. सापमार गरुडाचे नोंदलेले कमाल वय 17 वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे ही कथा सुरू होण्याआधीच तिचा नायक संपलेला असतो. चित्रातला अमेरिकी गरुडही, ओळखीसाठी पायात वाळा घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींत, 38 वर्षांपर्यंत पोचला आहे, 70 नव्हे. चोचीवरचे आवरण आपल्या नखांसारखे सतत वाढते आणि झिजते. आतले हाड मोडले तर ते नव्याने उगवत नाही. पिसेही थोडी थोडी गळून बदलत राहतात. चोच आणि नखे दोन्ही गमावलेला शिकारी पक्षी पाच महिने कशावर जगणार, याचे उत्तर संदेशात नाही.

सर्पदंशाच्या दाव्यावर मात्र थांबायला हवे, कारण यात माणसाचा जीव गुंतलेला आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. घोणसही बहुतेक अंधार पडल्यावर हिंडते. गरुड त्या वेळी झाडावर बसलेला असतो. दिवसासुद्धा तो नजरेने शिकार करतो, म्हणून रावेर-यावलच्या दाट केळीच्या बागेत किंवा वाढलेल्या कपाशीत, जिथे मजुरांचे हातपाय सापाजवळ जातात, तिथे वरून त्याला काही दिसत नाही. त्याची संख्याही झपाट्याने वाढणारी नाही: मादी एका हंगामात एकच अंडे घालते, ते सुमारे दीड महिना उबवावे लागते, आणि पिल्लू उडायला त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. सबंध माळावर हिंडणारी अशी एक जोडी कोणाचे शिवार सापमुक्त करणार? 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसे दगावल्याचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. रात्री बॅटरी घेऊन चालणे, पायात बूट असणे, खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपणे आणि दंश झाल्यास विनाविलंब रुग्णालयात प्रतिविष घेणे, यांनी जीव वाचतात.

पिसाबद्दल एवढेच सांगता येईल की सापाला त्याची काही भीती नसते. गरुडाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि पीस म्हणून बाजारात कोणी काही विकत असेल तर विकणारा व घेणारा दोघेही त्या कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतात.