‘तीन सेल टाका, शर्यत जिंका’ : आरसी बग्गीविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

आरसी बग्गीच्या, म्हणजे रिमोटने पळवायच्या छोट्या शर्यतीच्या गाडीच्या, हौशी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची तयार इलेक्ट्रिक बग्गी घ्यावी, तिची ब्रशची मोटर काढून मिळेल तितक्या जास्त केव्हीची ब्रशलेस (ब्रशविना चालणारी) मोटर बसवावी, दोन सेलऐवजी तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी जोडावी, प्लॅस्टिकचे सगळे भाग काढून अ‍ॅल्युमिनियमचे लावावेत, शॉकमध्ये (चाकांचे धक्के शोषणाऱ्या नळ्यांत) घट्ट तेल भरून गाडी ताठ करावी आणि बॅटरी कायम पूर्ण चार्ज करून ठेवावी, मग मातीच्या ट्रॅकवर तिला कोणी गाठू शकत नाही. जुळे सोलापूर आणि होटगी रस्त्याकडच्या मोकळ्या प्लॉटांवर सुट्टीच्या दिवशी बग्ग्या पळवणारी मुले हा संदेश प्रमाण मानून घरच्यांकडून पैसे मागू लागली आहेत, तेव्हा त्यातले एकेक विधान तपासून पाहिलेले बरे.

ब्रशची मोटर काढून ब्रशलेस बसवावी, एवढा भाग योग्यच आहे. ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजतात, त्यांच्या घर्षणात आणि ठिणग्यांत वीज वाया जाते, आणि आपल्याकडची धूळ त्या मोटरच्या आत शिरली की कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) लवकर खराब होतो. मात्र ‘मिळेल तितक्या जास्त केव्हीची’ हे शब्द जोडले की सल्ला बिघडतो. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. ३३०० केव्हीची मोटर दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर सुमारे २४,४०० फेरे घेते आणि तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर सुमारे ३६,६००. आकडा दीडपट झाला हे खरे; पण गिअर तेच ठेवले तर जागेवरून उठताना मोटर ओढू पाहते तो विद्युतप्रवाहही साधारण दीडपट होतो, आणि तारांमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती सव्वादोनपट होते. मोटरला वीज सोडणाऱ्या स्पीड कंट्रोलरवर ‘दोन सेलपर्यंतच’ असे छापलेले असेल तर तो पहिल्याच फेरीत जळू शकतो. तो टिकला, तरी मे महिन्यात चाळिशीच्या पुढे गेलेल्या हवेत मोटरला थंड व्हायला वावच उरत नाही, आणि फार तापलेल्या रोटरमधील (मोटरच्या फिरत्या भागातील) चुंबकांची ताकद कमी होते ती मोटर थंड झाल्यावरही पूर्ववत होत नाही. तीन सेल वापरायचेच असतील तर पिनियन (मोटरच्या टोकावरचे दातांचे लहान चाक) त्याच प्रमाणात लहान करावा लागतो, म्हणजे २१ दातांच्या जागी १४ दातांचा. तसे केले की कमाल वेग जवळजवळ पुन्हा होता तिथेच येतो. संदेशात पिनियनचा उल्लेखही नाही, यावरून तो लिहिणाऱ्याने ट्रॅकवर किती वेळ काढला असेल याची कल्पना येते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, हा वाढलेला वेग शर्यतीत खर्च कुठे होणार? समजा आपल्या ट्रॅकवरची सर्वांत लांब सरळ पट्टी तीस मीटरची आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने ती दोन सेकंदांच्या आसपास संपते. ताशी ७५ किलोमीटरने ती दीड सेकंदाच्या किंचित आत संपते. म्हणजे संपूर्ण पट्टी कमाल वेगानेच कापली, असे अशक्य गृहीत धरले तरी एका लॅपमागे फार तर पाऊण सेकंद वाचला. इलेक्ट्रिक बग्गीची शर्यत सहसा पाच मिनिटांची असते. लॅप अर्ध्या मिनिटाचा धरला तर दहा लॅपमध्ये सात-साडेसात सेकंदांची बचत झाली. उलट, वळणावर बग्गी एकदा उलटली की मार्शल धावत येऊन ती सरळ करेपर्यंत चार-पाच सेकंद सहज जातात, आणि मार्शल म्हणून उभा असलेला मुलगा नुकतीच स्वतःची हीट, म्हणजे आपल्या गटाची फेरी, संपवून दमलेला असतो, कारण एका हीटच्या चालकांनी पुढच्या हीटला मार्शल व्हायचे हीच सर्वत्र रीत आहे. दोन कोलांट्यांत सगळी कमाई संपते.

या वर्गाची जागतिक अजिंक्यपद शर्यत इफमार ही आंतरराष्ट्रीय संघटना १९८५ पासून भरवते. तिथे जगातले सर्वांत वेगवान चालक उतरतात आणि तिथल्या एक-दशांश बग्ग्यांना लिपो बॅटरी दोनच सेलची चालते. अनेक देशांत त्याखेरीज १७.५ टर्न मोटरचा ‘स्टॉक’ गटही असतो. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे; ते जितके जास्त तितकी मोटर संथ, आणि तरीही त्या गटातली चुरस टर्नची मर्यादा नसलेल्या ‘मॉडिफाइड’ गटापेक्षा कमी नसते. जास्तीचे पैसे मोटरवरच घालायचे असतील तर सेन्सर (रोटरची स्थिती कळवणारा भाग) असलेली मोटर आणि तिला जुळणारा स्पीड कंट्रोलर घ्यावा. सेन्सर नसलेली मोटर अगदी कमी वेगात अडखळत, झटके देत उचलते, आणि वळणातून बाहेर पडतानाचा तोच क्षण मातीवर निर्णायक असतो.

आता अ‍ॅल्युमिनियमकडे येऊ, कारण सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो. निळ्या किंवा लाल झळाळीचे सस्पेन्शन आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे दांडे) पाहायला फार देखणे दिसतात यात वाद नाही. पण नायलॉनचा आर्म दगडाला आपटला की वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तो धक्का त्याच्यातच जिरतो. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म एकतर कायमचा वाकतो, म्हणजे चाकाचा कोन बिघडतो, किंवा स्वतः टिकून धक्का पुढे ढकलतो आणि मग बल्कहेड (आर्म ज्याला जोडलेले असतात तो भाग) किंवा चॅसिस तडकते, जे बदलायला अर्धी गाडी सोडवावी लागते. टीम असोसिएटेडची १९८४ मध्ये आलेली आरसी१० ही बग्गी या खेळात मैलाचा दगड मानली जाते. तिची चॅसिस सोनेरी अ‍ॅल्युमिनियमची होती, पण तिचे सस्पेन्शन आर्म मात्र नायलॉनचेच होते. कुठे धातू हवा आणि कुठे नको, हे त्या रचनेने चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. मोटर माउंट धातूचा असावा, कारण तो मोटरची उष्णता ओढून घेतो. शॉकची नळी, पिनियन आणि चाकाचे हेक्स (चाक ज्यावर बसते तो षटकोनी तुकडा) धातूचे असले तर फायदा होतो. आर्म मात्र नायलॉनचेच ठेवावेत आणि एक जादा जोडी पेटीत असावी. नायलॉन हवेतला ओलावा शोषून चिवट राहतो आणि कोरड्या हवेत ठिसूळ होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा फरक हाताला जाणवतो. त्यासाठी नवे आर्म पातेल्यात पाणी उकळून त्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत आणि त्याच पाण्यात निवू द्यावेत. नंतर दोन बोटांनी पीळ देऊन पाहिल्यास आधी कडक लागणारा आर्म थोडा लवचीक झालेला कळतो. (घरच्यांचे रोजचे पातेले यासाठी वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.)

घट्ट तेलाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ताठ गाडी गुळगुळीत कार्पेटवर ठीक असते. आपल्या खडबडीत जमिनीवर ती प्रत्येक उंचवट्याला उडते आणि हवेत असलेल्या चाकाला पकड नसते. एवढे मात्र खरे की सिलिकॉन तेल उष्णतेने पातळ होते, त्यामुळे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास नीट बसवलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी डुलू लागते आणि तेव्हा एक पायरी घट्ट तेल लागू शकते. पारख सोपी आहे: बॅटरीसह बग्गी एका फुटावरून सपाट जमिनीवर सोडावी, चॅसिस जमिनीला हलकेच टेकून लगेच सावरली पाहिजे आणि चेंडूसारखी उसळता कामा नये.

संदेशात जे लिहिलेले आहे त्याहून जास्त नुकसान त्यात जे लिहिलेले नाही त्यामुळे होते, कारण टायरचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही. मोटरची सगळी ताकद जमिनीला मिळते ती चार लहानशा रबरी ठिपक्यांतून. तयार बग्गीसोबत येणारे टायर बहुधा कडक रबराचे असतात, टिकतात खूप आणि धरतात कमी. त्यात सोलापूरची जमीन एकसारखी नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वर बारीक भुकटी साचते. पाऊस पडला की तीच माती फुगून चिकट होते आणि टायरच्या पिनांमधल्या (वर आलेल्या रबरी टोकांमधल्या) फटी बुजवून त्याचा गुळगुळीत गोळा करून टाकते. अशा ओल्या मातीवर कोणताच टायर चालत नाही, दोन दिवस थांबणे हाच उपाय. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवलेला ट्रॅक मात्र वेगळे मागतो: वर सुटा थर असेल तर लांब आणि विरळ पिनांचा टायर, थर झाडून काढल्यावर कडक पृष्ठभाग उघडा पडला की आखूड, दाट पिनांचा मऊ टायर. मोटरची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळणाऱ्या बग्गीला पुढे उभ्या रेघांचे टायर लागतात, नाहीतर वळणावर ती सरळच जाते. टायर रिमला फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवलेला असावा, आणि तो कुठे सुटला आहे का हे प्रत्येक हीटआधी अंगठ्याने कडा मागे ओढून पाहावे. तिसऱ्या सेलसाठी घालायच्या पैशांत जमिनीला साजेशा टायरच्या दोन जोड्या घेतल्या तर मूळ मोटरवरही लॅपचा वेळ जितका उतरतो, तितका तिसऱ्या सेलने उतरत नाही.

पूर्ण चार्ज करून ठेवण्याचा सल्ला केवळ चुकीचा नाही, तो धोक्याचा आहे. लिपोचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो, आणि त्या स्थितीत तो उष्ण जागी आठवडाभर पडून राहिला तर आत वायू तयार होऊन फुगू लागतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत हे आणखी लवकर घडते. वापर नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. बहुतेक बॅलन्स चार्जरमध्ये (सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरमध्ये) त्यासाठी ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो. शर्यतीच्या दिवशी सकाळी चार्ज करावे, ५००० एमएएच क्षमतेच्या बॅटरीला पाच अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये, आणि नुकतीच पळवलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्जरला लावू नये. चार्जिंग उघड्या शहाबादी फरशीवर करावे, गादीवर किंवा चादरीवर नव्हे, आणि कोणीतरी जागे असताना करावे. फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून ‘हवा काढण्याचे’ व्हिडिओही फिरत असतात. तसे केल्यास ती पेट घेऊ शकते. ती मोकळ्या जागी, लहान बल्ब लावून सावकाश पूर्ण रिकामी करावी आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. घंटागाडीत टाकू नये, कारण गाडीतल्या दाबयंत्राखाली ती चिरडली गेली तर आजूबाजूचा कागद-कापूस पेटायला वेळ लागत नाही.