मंगळवासीयांचा हल्ला आणि न झालेल्या आत्महत्या

‘१९३८ साली अमेरिकेत रेडिओवर मंगळवासीयांच्या हल्ल्याची खोटी बातमी दिली गेली. लाखो लोक घरंदारं सोडून पळाले, शेकडोंनी आत्महत्या केल्या. बातमी देणाऱ्याला तुरुंगात टाकलं. लोक कसे मेंढरासारखे असतात याचा हा पुरावा!’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. आता तो माझ्या भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात शब्दशः उतरला आणि वर ‘उत्तम’ असा शेराही मिळाला. म्हणून लिहायला बसलो.

‘खोटी बातमी’ हा आरोप झटपट निकालात निघतो. ३० ऑक्टोबर १९३८च्या रविवारी रात्री आठ वाजता सीबीएस या रेडिओ जाळ्यावर लागलं ते नाटक होतं. एच. जी. वेल्स यांच्या १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीचं हॉवर्ड कॉक यांनी केलेलं रूपांतर, आणि ते बसवलं होतं २३ वर्षांच्या ऑर्सन वेल्स यांनी. सुरुवातीला कादंबरीचं आणि लेखकाचं नाव सांगितलं होतं. मध्यंतराला पुन्हा सांगितलं, शेवटी ऑर्सन वेल्स स्वतः येऊन बोलले. फसवायचंच असतं तर कुणी असं केलं नसतं.

आता ‘लाखो लोक पळाले’. इथेच सगळी मेख आहे. त्याच रात्री सी. ई. हूपर कंपनीची माणसं नेहमीच्या श्रोतृ-पाहणीसाठी सुमारे ५,००० घरांत फोन करत होती. ‘आत्ता रेडिओवर काय ऐकताय?’ एवढाच प्रश्न. हे नाटक किंवा वेल्स यांचा कार्यक्रम ऐकत असल्याचं सांगणारे निघाले २ टक्के. बातम्या ऐकतोय असं एकानेही सांगितलं नाही. त्याच वेळी एनबीसी या दुसऱ्या रेडिओ जाळ्यावर एडगर बर्गन यांचा बोलक्या बाहुल्याचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम चालू होता, बहुसंख्य श्रोते तिकडे होते. जे नाटक इतक्या थोड्या घरांत लागलं होतं, ते ऐकून सगळा देश रस्त्यावर येणार कसा?

मग लाखांचा आकडा आला कुठून? प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांच्या १९४०च्या पुस्तकातून. काही आठवड्यांनंतर घेतलेल्या जनमत चाचणीवरून त्यांनी अंदाज बांधला की साठ लाख लोकांनी नाटक ऐकलं आणि त्यातले बारा लाख घाबरले. पण ‘घाबरले’ या एका खान्यात भ्यायलेले, अस्वस्थ झालेले आणि नुसते उत्तेजित झालेले असे सगळेच भरले होते. ऐकताना ज्याच्या छातीत धडधडलं तोही त्यात, आणि ज्याने खरोखर घर सोडलं तोही त्यातच. शिवाय सविस्तर मुलाखती घेतल्या त्या १३५ जणांच्या, आणि त्यातले शंभराहून अधिक तर घाबरले होते हे आधीच ठाऊक असल्यामुळे निवडलेले! तापाच्या रांगेतली माणसं मोजून गावाला ताप आल्याचं जाहीर करण्यातला हा प्रकार. अशा निवडीवरून साऱ्या देशाबद्दल निष्कर्ष काढता येत नाहीत.

आत्महत्यांबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे. त्या प्रसारणामुळे झालेली एकही आत्महत्या, एकही मृत्यू आजवर सिद्ध झालेला नाही. ‘शेकडो’ हा शब्द कुणीतरी घातला आणि पुढच्याने तो तसाच पुढे ढकलला. माणसं मेली असं लिहिताना निदान एक नाव, एक गाव शोधावं एवढीही तसदी कुणी घेऊ नये?

थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. न्यू जर्सीत नाटकातला हल्ला जिथे होतो त्या ग्रोव्हर्स मिलच्या आसपास आणि न्यूयॉर्कमध्ये काही लोक खरोखर घाबरले, पोलिसांकडे आणि वर्तमानपत्रांकडे फोनांची रीघ लागली. हिटलरशी झालेल्या म्युनिक कराराला महिनाच झाला होता, कार्यक्रम मध्येच तोडून दिल्या जाणाऱ्या युद्धाच्या बातम्यांची लोकांना सवय झाली होती, आणि नाटकाची घडण नेमकी तशीच होती. बातमीदाराचं काम करणारे फ्रँक रीडिक यांनी तर आधी १९३७च्या हिंडेनबर्ग या हवाई जहाजाच्या दुर्घटनेचं ध्वनिमुद्रण ऐकून तो कापरा आवाज उचलला होता. उशिरा रेडिओ लावणारा क्षणभर फसला तर त्यात मेंढरूपणा कसला? आणि फोन करून खात्री करून घेणं याला मी तरी शहाणपणच म्हणेन.

घबराटीची कथा मोठी केली ती वर्तमानपत्रांनी. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर रेडिओचे श्रोते घाबरल्याची बातमी झळकली. मंदीच्या काळात रेडिओ त्यांच्या जाहिराती ओढून नेत होता. १९३३च्या बिल्टमोर करारात तर वर्तमानपत्रांनी रेडिओच्या जाळ्यांना दिवसाला पाच-पाच मिनिटांच्या दोनच बातमीपत्रांवर अडकवून ठेवलं होतं. तो करार टिकला नाही. अशा वेळी रेडिओ बेजबाबदार आहे हे ठसवायची संधी कोण सोडेल?

राहिला तुरुंग. संघीय दळणवळण आयोगाने चौकशी केली, शिक्षा कुणालाच केली नाही. वेल्स यांच्या कार्यक्रमाला त्याच वर्षी कॅम्पबेल सूप हा प्रायोजक मिळाला आणि पुढच्या वर्षी आरकेओ स्टुडिओने त्यांना चित्रपटांसाठी करारबद्ध केलं.